क्वार्क सुटा सापडत नाही, मग तो आहे हे कशावरून?

राजापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेचा प्रश्न असा आहे. आठवीच्या वर्गात अणूचा धडा संपल्यावर एका मुलीने उभे राहून विचारले, "आधी अणू अविभाज्य होता, मग इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन आले, आता प्रोटॉनच्या आत क्वार्क आहेत असे सांगता आणि सुटा क्वार्क आजवर कोणालाच मिळाला नाही असेही सांगता. जी वस्तू कधीच वेगळी काढता येत नाही ती आहे हे कशावरून? आणि तीच शेवटची हे तरी कशावरून?" शिक्षिका पुढे लिहितात की शास्त्रज्ञांनी ते सिद्ध केले आहे, एवढेच सांगून त्या पुढच्या धड्याकडे वळल्या आणि ते त्यांच्या मनाला लागून राहिले.

कणभौतिकीच्या प्रयोगांसाठी कण टिपणारे डिटेक्टर बांधणे, ते चालवणे आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा हे ठरवणे, यांत माझी तीस-बत्तीस वर्षे गेली. आता विजयदुर्गच्या खाडीकाठी गावी राहतो. त्या मुलीने विचारलेले दोन्ही प्रश्न आमच्या क्षेत्रातले सर्वांत खरे प्रश्न आहेत, आणि त्यांचे उत्तर आठवीच्या मुलीला समजेल अशा शब्दांत देता येते, असे मला मनापासून वाटते. उत्तर थोडे लांबेल, कारण पुराव्याची साखळी मधली एखादी कडी वगळून सांगितली की तिचा पुन्हा "शास्त्रज्ञ म्हणतात म्हणून" होतो.

सुरुवात आपल्याच किनाऱ्यावरून करतो. विजयदुर्ग किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी व हेलियमच्या शोधाशी त्यांचा संबंध गावात अभिमानाने सांगितला जातो. नॉर्मन लॉकयर यांनी त्या दिवशी तेथून हेलियम शोधला, असे जे ऐकिवात येते ते दुरुस्त करून सांगायला हवे: त्या ग्रहणाचे निरीक्षण पिएर जान्सेन यांनी गुंटूरहून केले, आणि लॉकयर यांनी सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून तपासली. पण ग्रहणाची गडद छाया आपल्या मुलखावरून गेली होती हे खरे, आणि पुढची गोष्ट त्या मुलीच्या प्रश्नासाठी फार मोलाची आहे. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात त्याच्या स्वतःच्या ठरावीक रंगरेषा असतात; ही रेषा तेव्हा माहीत असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना. नवे मूलद्रव्य मानावे लागले, त्याला सूर्याचे नाव मिळाले, आणि पृथ्वीवर ते हाती लागले ते १८९५ साली, विल्यम रॅमझी यांनी युरेनियमयुक्त खनिजातून तो वायू वेगळा काढला तेव्हा. मधली सत्तावीस वर्षे हेलियम कोणाच्याही बाटलीत नव्हता. अनेकांनी त्याच्यावर संशयही घेतला. तरी तो होता, आणि त्याची ओळख पटवणारी खूणही पक्की होती.

यावर ती मुलगी म्हणेल की हेलियम शेवटी बाटलीत आला, क्वार्क मात्र कधीच येणार नाही असे तुम्हीच म्हणता. तिचे म्हणणे बरोबर आहे. म्हणूनच क्वार्कच्या बाबतीत एका खुणेवर भागत नाही. परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक मोजमापांतून तेच आकडे पुन्हा पुन्हा यावे लागतात. ते कसे आले, हे सांगतो.

आधी 'दिसणे' या शब्दाचा अर्थ नीट करून घेऊ. संध्याकाळी जेटीवर उभे राहून पाहिले तर खाडीत रोवलेल्या बांबूजवळून समुद्राची लांबलचक लाट निघून जाते तेव्हा तिच्यात काहीही फरक पडत नाही. बांबू तेथे आहे हे त्या लाटेला जणू कळतच नाही. वाऱ्याने उठलेल्या बारीक तरंगांचे तसे नसते. ते बांबूवर आपटतात, त्याच्याभोवती फुटतात, आणि पलीकडे तरंगांची नक्षी बदलते. ती नक्षी नीट पाहिली तर बांबू केवढा जाड आहे हेही सांगता येईल. नियम असा की जेवढी वस्तू बारीक तेवढा तरंग आखूड हवा. प्रकाशाची तरंगलांबी अणूच्या हजारो पट मोठी असल्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातून अणू दिसत नाही. वेगवान कणालाही तरंगलांबी असते आणि ऊर्जा वाढवली की ती आखूड होते: १ जीईव्ही (एक अब्ज व्होल्टच्या दाबातून गेल्यावर इलेक्ट्रॉनला मिळते तेवढ्या) ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे १.२ फर्मी भरते, आणि एक फर्मी म्हणजे मीटरचा दशलक्ष अब्जावा भाग. प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फर्मी आहे. त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारी यंत्रे, इतके प्रचंड का बांधावे लागतात याचे एक मोठे कारण येथे आहे. बारीक पाहायचे तर आखूड तरंग हवा, आणि आखूड तरंगासाठी ऊर्जा हवी.

कण मारून पाहण्याची ही रीत १९०९ पासूनची. मँचेस्टरमध्ये अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन हे धातूच्या पातळ पत्र्यावर किरणोत्सर्गी द्रव्यातून निघणारे अल्फा कण सोडत आणि काळोख्या खोलीत, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबून, झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उमटणाऱ्या ठिणग्या सूक्ष्मदर्शकातून एकेक करून मोजत. बहुतेक कण सरळ पार जात; सुमारे आठ हजारांत एखादा मात्र मागे उसळी घेई. अणूतला धनभार सर्वत्र पसरलेला असता तर अशी उसळी शक्यच नव्हती. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी निष्कर्ष मांडला की तो भार अतिशय लहान जागेत एकवटलेला आहे, आणि अणुकेंद्र जन्माला आले. येथे एक गोष्ट मला नेहमी सुखावते. ते अल्फा कण म्हणजे हेलियमचीच केंद्रे होती. ज्या मूलद्रव्याची पहिली ओळख सूर्याच्या कडेच्या प्रकाशात पटली, त्याच्याच केंद्रांनी अणूच्या आत काय आहे ते दाखवले. अणुकेंद्र तेव्हा कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. उसळलेल्या कणांची मोजणी हीच त्याची खूण होती.

आता क्वार्क. १९६४ साली मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे सुचवले की प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि त्यांच्यासारखे तोवर सापडलेले डझनावारी कण हे थोड्याच घटकांच्या जुळण्या मानल्या तर सगळा पसारा व्यवस्थित लागतो. त्यासाठी त्या घटकांचा विद्युतभार प्रोटॉनच्या भाराच्या +२/३ किंवा −१/३ मानावा लागे. अपूर्णांकी भार तोवर कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे ही नुसती हिशेबाची सोय आहे असे पुष्कळांना वाटले. मग शोधाशोध झाली: समुद्राच्या पाण्यात, चंद्रावरून आणलेल्या खडकांत, अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांत. सर्वमान्य असा एकही सुटा अपूर्णांकी भार हाती लागला नाही. त्या मुलीची शंका त्या काळी मोठमोठ्या भौतिकशास्त्रज्ञांचीही शंका होती, हे तिला जरूर सांगावे.

निर्णायक पुरावा कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या सरळ त्वरकावर मिळाला. जेरोम फ्रीडमन, हेन्री केंडल आणि रिचर्ड टेलर यांच्या गटाने २० जीईव्हीच्या आसपासच्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन द्रवरूप हायड्रोजनवर, म्हणजे प्रोटॉनांवर, सोडले आणि ठराविक कोनांत किती इलेक्ट्रॉन किती ऊर्जा घेऊन बाहेर पडतात ते मोजले. प्रोटॉनचा भार आतमध्ये लोण्यासारखा पसरलेला असता, तर धडक जितकी जोराची तितकी मोठ्या कोनातली संख्या झपाट्याने घसरायला हवी होती. १९६८ मध्ये आलेले आकडे तसे घसरेनात. इलेक्ट्रॉन आत कशावर तरी आदळत होते, आणि ते जे काही होते ते टणक व बिंदूएवढे लहान होते. गायगर आणि मार्सडेन यांचीच गोष्ट सुमारे साठ वर्षांनी एक मजला खाली पुन्हा घडली. या तिघांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण टणक काहीतरी आत आहे, एवढ्याने ते क्वार्कच आहेत असे ठरत नाही. त्यांचा भार खरोखर २/३ आणि १/३ आहे का? हे तपासण्याची युक्ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते, आणि तिचा हिशेब मुले फळ्यावर करू शकतील. इलेक्ट्रॉनला घटकाचा विद्युतभार जाणवतो, आणि धडकांची संख्या भाराच्या वर्गाप्रमाणे ठरते. न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला, अतिशय हलका कण; त्याला विद्युतभाराशी देणेघेणे नसते, तो घटक तेवढे मोजतो. तेव्हा प्रोटॉन व न्यूट्रॉन समसमान असलेल्या द्रव्यावर दोन्ही प्रकारचे प्रयोग करून त्यांची तुलना केली की भारांच्या वर्गांची सरासरी मिळाली पाहिजे. २/३ चा वर्ग ४/९, १/३ चा वर्ग १/९; बेरीज ५/९, सरासरी ५/१८, म्हणजे सुमारे ०.२८. जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत गार्गामेल नावाच्या प्रचंड बुडबुडा-कोठीत (जिच्यातल्या द्रवात कणाच्या वाटेवर बुडबुडे उमटतात) १९७० च्या दशकात न्यूट्रिनोंच्या धडका मोजल्या गेल्या, त्या स्टॅनफर्डच्या इलेक्ट्रॉनांच्या मोजणीशी ताडून पाहिल्या, आणि गुणोत्तर ५/१८ शी जुळले. दोन वेगळे देश, दोन वेगळी यंत्रे, निसर्गातली दोन वेगळी बले, आणि त्यांतून बाहेर आलेला तोच अपूर्णांक.

आणखी एक पडताळा. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन समोरासमोर आदळले की त्यांची ऊर्जा कधी म्यूऑनच्या (इलेक्ट्रॉनच्याच जातीच्या, पण जड कणाच्या) जोडीत रूपांतरित होते, कधी क्वार्कच्या जोडीत, आणि ही क्वार्कची जोडी पुढे अनेक कणांच्या रूपात बाहेर पडते. दोन्हींचे गुणोत्तर म्हणजे तयार होऊ शकणाऱ्या सगळ्या क्वार्कांच्या भारवर्गांची बेरीज. कमी ऊर्जेवर तीन प्रकारचे क्वार्क तयार होतात, त्यांची बेरीज ४/९ + १/९ + १/९ = २/३. प्रयोगात मात्र दोनच्या आसपास आकडा येतो, म्हणजे बरोबर तिप्पट. प्रत्येक क्वार्क तीन 'रंगांत' येतो असे सिद्धान्ताने वेगळ्याच कारणासाठी आधीच सांगितले होते. हा रंग डोळ्यांना दिसणारा नव्हे. तो त्यांच्यामधल्या बलाचा एक प्रकारचा भार आहे. ऊर्जा वाढवली आणि १९७४ च्या नोव्हेंबरात सॅम्युएल टिंग व बर्टन रिख्टर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधलेला, २/३ भाराचा चौथा म्हणजे चार्म क्वार्क हिशेबात आला की हेच गुणोत्तर १०/३ कडे चढते. पायरी जेथे यायला हवी तेथेच येते. क्वार्क नुसते हिशेबाची सोय असते, तर निसर्गाने त्यांची इतकी काटेकोर मोजदाद का ठेवावी?

मग तो सुटा का निघत नाही? विद्युतबल आणि गुरुत्वबल अंतर वाढले की क्षीण होतात. क्वार्कांना बांधणारे बल तसे वागत नाही. दोन क्वार्क एकमेकांपासून दूर ओढताना दर फर्मीला सुमारे १ जीईव्ही ऊर्जा ओतावी लागते, आणि ही ओढ वजनाच्या भाषेत जवळपास १६ टन भरते, तीही एका प्रोटॉनच्या आत. ओढत राहिलो तर मध्येच साठलेल्या ऊर्जेतून नवा क्वार्क आणि नवा प्रतिक्वार्क तयार होतो आणि दोन्ही तुटक्या टोकांना पुन्हा जोडीदार मिळतो. जोराच्या धडकेत उडालेला क्वार्क म्हणून आपल्याला एका दिशेने निघालेल्या कणांच्या फवाऱ्याच्या रूपात भेटतो. हे फवारे डिटेक्टरच्या पडद्यावर मी आयुष्यात लाखोंनी पाहिले आहेत. हॅम्बुर्गमध्ये १९७९ साली दोनाऐवजी तीन फवारे असलेल्या घटना दिसल्या, आणि तिसरा फवारा क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनचा आहे हे कळले.

येथे आपल्या नेहमीच्या उपमेतला एक दोष सांगितलाच पाहिजे. वर्गात आपण म्हणतो की चिऱ्यांची भिंत असते तसे पदार्थ कणांचे बनलेले असतात. जांभ्याच्या शंभर चिऱ्यांचे वजन शंभर चिऱ्यांइतकेच असते. प्रोटॉनमधल्या तीन क्वार्कांचे स्वतःचे वस्तुमान मिळवले तर मात्र ते प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या सुमारे एक टक्काच भरते. उरलेले जवळजवळ सगळे आतल्या क्वार्कांची धावपळ आणि त्यांना बांधणाऱ्या बलाची ऊर्जा यांचे आहे. आपल्या शरीराचे वजन बहुतांशी ऊर्जेचे वजन आहे. म्हणून 'घटक' हा शब्द मी वापरतो तेव्हा चिऱ्यासारखा काढून ठेवता येण्याजोगा तुकडा मनात धरत नाही. ज्याच्यावर आदळून कण उसळतो आणि ज्याचा भार, ज्याचे स्वतःभोवतीचे फिरणे दर वेळी तेच मोजले जाते, तो घटक.

बाकीची यादी पटकन सांगतो, कारण ती पुस्तकांत मिळते. बॉटम क्वार्क १९७७ मध्ये आणि टॉप क्वार्क १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये सापडले. टॉप क्वार्क एकटाच सोन्याच्या अख्ख्या अणूच्या जवळपास भरतो. दुर्बल बल वाहणारे डब्ल्यू आणि झेड कण १९८३ मध्ये सर्नमध्ये मिळाले, मूलभूत कणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा कण असलेल्या हिग्ज बोसॉनची घोषणा ४ जुलै २०१२ रोजी झाली. एकंदर सहा क्वार्क, इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो धरून सहा लेप्टॉन, बले वाहणारे कण आणि हिग्ज, एवढा आजचा संसार आहे.

यादीपेक्षा मुलांना सांगण्याजोगी गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. एखादा आकडा खरा आहे हे आम्ही कसे ठरवतो?

गावी आल्यावर मी पडवीत एक लहान प्रयोग मांडला. सिंटिलेटर म्हणजे ज्यातून भारित कण गेला की क्षणभर अत्यंत मंद प्रकाश निघतो असे पारदर्शक प्लास्टिक. त्याचे प्रत्येकी ३० सेंटिमीटर लांब-रुंद असे दोन फलक एकावर एक ठेवले, प्रत्येकाला प्रकाशाचे विजेच्या ठोक्यात रूपांतर करणारी फोटोमल्टिप्लायर नळी जोडली, आणि बाहेरचा उजेड आत शिरू नये म्हणून सगळे काळ्या कागदात गुंडाळून काळ्या चिकटपट्टीने बंद केले. वातावरणाच्या वरच्या थरात विश्वकिरणांच्या धडकांतून तयार होणारे म्यूऑन समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक या प्रमाणात पडत असतात. तळहात उघडा धरला तर सेकंदाला एखादा त्यातून जातोच. माझ्या फलकातून सेकंदाला पंधराच्या आसपास जायला हवेत.

एकटा फलक मात्र सेकंदाला दोनशे ठोके देतो, कारण नळीचा स्वतःचा गोंगाट असतो आणि आसपासच्या दगडमातीतून येणारा किरणोत्सर्गही असतो. म्हणून दोन फलकांनी एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आत एकत्र ठोका दिला तरच तो मोजायचा, असा नियम करतात. दोन गोंगाट योगायोगाने एकत्र येण्याची शक्यता काढता येते: दोन्ही फलकांच्या ठोक्यांचा गुणाकार करून त्याला त्या वेळेच्या दुपटीने गुणायचे. दोनशे गुणिले दोनशे, गुणिले दोन, भागिले एक कोटी, म्हणजे ०.००८, दोन मिनिटांत एखादा खोटा ठोका. खरे ठोके मला सेकंदाला दहा-बारा मिळत होते. एवढा स्वच्छ आकडा हाती आला की मन प्रसन्न होते.

जुलै महिन्यात तोच आकडा बिघडला. सकाळी मोजणी वाढू लागे, दुपारी अडीच-तीनपट होई, संध्याकाळी उतरे आणि रात्री पूर्वपदावर येई. सलग पाच दिवस हेच चालले. आलेख इतका सुरेख होता की सूर्यापासून काही येत असावे असे कोणालाही वाटावे. ज्या दिवशी दाट मळभ होते त्या दिवशी वाढ कमी होती, हेही त्या कल्पनेशी जुळणारे होते. सहाव्या दिवशी मी फलकांवर एक जाड घोंगडी टाकली आणि वाढ नाहीशी झाली. म्यूऑनला घोंगडीची काय तमा? आपल्याकडच्या दमट हवेने चिकटपट्टीचा गोंद सैल झाला होता आणि कोपऱ्यातली केसाएवढी फट उजेड आत घेत होती. फलकांचे ठोके दोनशेवरून दहा हजारांवर गेले होते, आणि वरच्याच सूत्रात दहा हजार घालून पाहिले तर योगायोगाचे खोटे ठोके सेकंदाला वीस होतात. मुलांना हा हिशेब अवश्य करायला लावावा: गोंगाट पन्नासपट झाला की खोटे ठोके पन्नासपट होत नाहीत, अडीच हजारपट होतात.

मोठ्या प्रयोगांतही काम हेच असते, फक्त त्याचे प्रमाण बदलते. सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. सीएमएस डिटेक्टरमधले इलेक्ट्रॉनिक्स त्यांतले सुमारे एक लाख प्रसंग पुढे पाठवते, आणि संगणक त्यांतले हजारभर जपून ठेवतात. काय टाकायचे हे काय ठेवायचे याइतकेच काळजीपूर्वक ठरवावे लागते, कारण टाकलेले परत मिळत नाही. याच डिटेक्टरच्या प्रचंड चुंबकाच्या बाहेरच्या बाजूला असलेले सिंटिलेटरचे थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाले. माझ्या पडवीतले प्लास्टिक त्यांच्याच जातीचे आहे. नवा कण सापडला असे म्हणण्यापूर्वी आमच्याकडे अशी अट असते की नुसत्या गोंगाटाने तेवढी उसळी येण्याची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक किंवा त्याहून कमी असावी. हिग्जच्या वेळी एटलास आणि सीएमएस या दोन स्वतंत्र डिटेक्टरांनी, वेगळ्या माणसांनी, ही अट वेगवेगळी गाठली. फट राहिलेली चिकटपट्टी एका पडवीत असू शकते. दोन पडव्यांत अगदी तशीच असण्याची शक्यता फार थोडी.

आता दुसरा प्रश्न: क्वार्कच शेवटचा हे कशावरून? प्रामाणिक उत्तर असे की तो शेवटचा आहे असे आम्ही म्हणतच नाही. १९०९ मध्ये आणि १९६८ मध्ये जे पाहिले तेच आजही पाहतो: अतिशय जोराच्या धडकेत मोठ्या कोनात अपेक्षेपेक्षा जास्त उसळी येते का? लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या १३ टीईव्ही (१३ हजार जीईव्ही) ऊर्जेपर्यंत ती आलेली नाही. फवाऱ्यांची मोजणी बिंदूसमान क्वार्कांच्या गणिताशी जुळते. त्यावरून एवढे म्हणता येते की क्वार्कला काही आकार असलाच तर तो १०⁻¹⁹ मीटरहून लहान, म्हणजे प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान आहे. इलेक्ट्रॉनचेही साधारण तसेच. 'मूलभूत' या शब्दाला असा एक आकडा आणि एक वर्ष नेहमी चिकटलेले असते. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन दाखवला त्याआधी अणू मूलभूत होता, आणि त्या काळच्या साधनांपुरते ते म्हणणे चूक नव्हते. पुस्तकात "अणू अविभाज्य आहे असे मानत" एवढेच वाक्य येते आणि मुलांना वाटते की आधीची माणसे चुकली; खरे तर त्यांचा तरंग लांब होता.

माझे स्वतःचे मत विचाराल तर क्वार्कच्या आत पुन्हा लहान चिरे निघतील असे मला वाटत नाही. एवढ्या लहान जागेत काही कोंडायचे तर त्याला टीईव्हीच्या घरातली ऊर्जा लागेल, आणि आपल्या प्रोटॉनमधले क्वार्क तर काही एमईव्ही (जीईव्हीचा हजारावा भाग) वस्तुमानाचे, म्हणजे त्या ऊर्जेच्या लाखो पट हलके आहेत; ती सगळी ऊर्जा जवळजवळ पूर्णपणे रद्द व्हावी यासाठी काही खास कारण लागेल, आणि पटेल असे कारण अजून कोणी दाखवलेले नाही. तरीही काहीतरी राहून गेले आहे हे नक्की. एकसारखे वागणारे पण वजनाला वेगवेगळे असे क्वार्क आणि लेप्टॉनांचे तीन संच का आहेत? इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांचे भार, इतक्या वेगळ्या जातीचे कण असूनही, इतके अचूक समान व विरुद्ध का? न्यूट्रिनोला वस्तुमान आहे हे जपानमधल्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने १९९८ मध्ये दाखवले, आणि ते इतके कमी का हे कोणालाही उलगडलेले नाही. न्यूट्रिनोच्या बाबतीत आपल्या देशाचा वाटा जुना आहे: कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोल, जेथे एवढा खडक म्यूऑनांना जवळजवळ थोपवतो, तेथे १९६५ साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा प्रथम टिपलेल्या गटांत भारतीय गट होता. ती खाण आता बंद आहे, याची मला आजही हळहळ वाटते.

वर्गासाठी दोन गोष्टी सुचवतो. पहिलीला काहीच खर्च नाही. एका पाटाखाली, मुलांना न दाखवता, लाकडाचा त्रिकोणी किंवा गोल ठोकळा चिकटवावा, पाट जमिनीपासून गोटी जाईल एवढा उचलून ठेवावा, आणि चारी बाजूंनी गोट्या सोडून त्या कोणत्या दिशेने बाहेर येतात ते कागदावर आखायला सांगावे. शंभर गोट्यांनंतर आकार ओळखता येतो. मोठ्या गोट्यांनी केले तर बारीक कोपरे कळत नाहीत आणि लहान गोट्यांनी कळतात, हेही मुलांच्या आपोआप लक्षात येईल. शेवटी पाट उचलून दाखवू नये. मुले फार आग्रह धरतील, पण उत्तर आकड्यांवरूनच पटले पाहिजे, कारण प्रोटॉनचा पाट आम्हालाही उचलता आलेला नाही.

दुसरी गोष्ट दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करता येईल. माझे दोन्ही फलक घेऊन मी आपल्या शाळेत येईन. आधी फलकांमध्ये हातभर अंतर ठेवून दहा मिनिटे मोजायचे, मग अंतर तेच ठेवून मध्ये तीन चिरे रचायचे आणि पुन्हा दहा मिनिटे मोजायचे. म्यूऑनांबरोबर वरून येणारे इलेक्ट्रॉन चिऱ्यांत अडकतील, म्यूऑन पार जातील. आकडा थोडा उतरेल, पण शून्य होणार नाही, आणि किती उतरला हे ज्या मुलीने प्रश्न विचारला तिनेच फळ्यावर लिहावे. काळी चिकटपट्टी मी नवी आणीन. चिरे तेवढे आपल्याकडचे वापरू.